लांबच्या सफरीची मोटरसायकल आणि सायलेन्सरची निवड

पाऊस उघडला, रस्ते कोरडे झाले की आमच्या दीपनगरजवळून जाणाऱ्या महामार्गावर मोटरसायकलवाल्यांचे जथे दिसू लागतात. मागे दोन्ही बाजूंना पेट्या, टाकीवर बॅग, डोक्यावर पूर्ण हेल्मेट. कुणी बुऱ्हाणपूर-असीरगडकडे निघालेला असतो, कुणी जामनेरमार्गे अजिंठ्याकडे, कुणी रावेरहून सातपुड्यातल्या पालकडे. आपल्या घरांतली मुलंही आता यात मागे नाहीत. वीज केंद्रात, रेल्वेत, वरणगावच्या आयुध कारखान्यात किंवा स्वतःच्या दुकानात दोन पैसे कमावणारा मुलगा हप्त्यावर साडेतीनशे-चारशे सीसीची गाडी घेतो. सुट्टीत मित्रांबरोबर हिंडून येतो. यात वाईट काहीच नाही. मुलगा चार गावं बघतो, चार माणसांना भेटतो, गाडीची निगा राखायला शिकतो.

गाडी घरी आली की पंधरा दिवसांत पहिला खर्च मात्र एकाच गोष्टीवर होतो, तो म्हणजे सायलेन्सर. कंपनीचा काढायचा आणि बाजारातला बसवायचा. मित्र सांगतात आवाज भारी येतो, दुकानदार सांगतो पॉवर वाढते, ॲव्हरेजही वाढतं. घरातल्यांना यातलं काही कळत नसतं, म्हणून ते गप्प बसतात. चलान आलं किंवा शेजाऱ्यांनी तक्रार केली की मग घरात भांडण होतं. म्हणून हा विषय मुलांनी आणि त्यांच्या अम्मी-अब्बांनी मिळून समजून घ्यावा, असं मला वाटतं.

सायलेन्सर नेमकं काय करतो?

आपल्या मोटरसायकलींची इंजिनं फोर स्ट्रोक असतात. एका सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एकदा पेट्रोलचा स्फोट होतो. म्हणजे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला २५ स्फोट. दर स्फोटानंतर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि तापलेला, दाबातला वायू झटक्याने बाहेर पडतो. तो तसाच मोकळा सोडला तर बंदुकीच्या बारासारखा आवाज होईल. दीपनगरच्या वसाहतीत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. वीज केंद्रात दाबातली वाफ मोकळी सोडली की किती लांबपर्यंत ऐकू जातं, हे आपण रात्री-बेरात्री अनुभवलेलं आहे.

सायलेन्सरच्या नळकांड्यात हा दाब टप्प्याटप्प्याने उतरवला जातो. त्याच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत आत पडदे आणि कप्पे असतात. वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात वळणं घेत जातो, आवाजाच्या लाटा एकमेकींवर आपटून विरतात. कंपनीचे बहुतेक सायलेन्सर असे असतात. दुसऱ्या पद्धतीत मधोमध छिद्रांची सरळ नळी असते आणि तिच्याभोवती काचेच्या तंतूंची लोकर भरलेली असते. ती लोकर आवाज शोषते. बाजारातले बरेच सायलेन्सर या पद्धतीचे असतात. त्यातली लोकर हळूहळू जळते आणि उडून जाते. पहिल्या महिन्यात सहन होणारा आवाज वर्ष-दीड वर्षात कर्कश होतो, त्याचं कारण हेच. लोकर पुन्हा भरता येते, पण ते काम करणारा कारागीर आपल्या भागात शोधावा लागतो.

दुसरं काम धुराचं. १ एप्रिल २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्या बीएस-६ मानकाच्या आहेत. त्यांच्या एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी आणि तिच्यावर मौल्यवान धातूंचा पातळ लेप. धूर त्यातून जाताना कार्बन मोनॉक्साइड, न जळालेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांचं बरंचसं रूपांतर कमी घातक वायूंत होतं. वीज केंद्राच्या चिमणीआधी राख पकडणारी यंत्रणा जशी असते, तसाच हा मोटरसायकलचा पहारेकरी. काही गाड्यांत तो इंजिनजवळच्या वाकड्या पाइपात असतो, काहींत पोटाखाली, काहींत थेट सायलेन्सरच्या डब्यात. तुमच्या गाडीत तो डब्यात असेल तर डबा बदलताच तो गेला.

आवाज म्हणजे ताकद नव्हे

बुलेटची जुनी धकधक आपल्या सगळ्यांच्या कानात आहे. ती सायलेन्सरमुळे येते असा समज आहे. खरं तर ती इंजिनाच्या घडणीतून येते. जुन्या ३५० बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर होती. लांब धावेचं, जड फ्लायव्हीलचं, सावकाश फिरणारं एकच सिलिंडर, म्हणून प्रत्येक ठोका सुटा ऐकू येई. आजच्या ३५० च्या इंजिनात हे माप ७२ आणि ८५.८ मिलिमीटर आहे. ते अधिक वेगाने फिरतं, कमी थरथरतं. त्याला मोकळा पाइप लावला म्हणून जुनी धकधक परत येत नाही. ‘पंजाब’, ‘इंदोरी’ वगैरे नावांनी जे पाइप विकले जातात त्यांतून फक्त फाटका आवाज येतो.

पॉवरचं म्हणाल तर रेसच्या गाडीत वायू लवकर बाहेर काढून थोडा फायदा मिळवता येतो. पण त्यासाठी पूर्ण पाइप, हवेची चाळणी आणि इंधनाचं प्रमाण ही सगळी जुळणी मशिनवर तपासून करावी लागते. नुसता मागचा डबा बदलून मिळणारा फरक एवढा लहान असतो की पेट्या बांधलेल्या आणि मागे माणूस बसलेल्या गाडीवर तो जाणवतही नाही. उलट कमी वेगातली ओढ काही वेळा घटते. सफरीत तर आपल्याला तीच हवी असते. फर्दापूरच्या घाटात ट्रकमागे अडकून तिसऱ्या गिअरमध्ये चढताना हे लगेच कळतं.

बीएस-६ गाड्यांत आणखी एक गोष्ट आहे. पाइपावर ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. धुरात किती ऑक्सिजन उरला हे तो मोजतो आणि त्यानुसार संगणक पेट्रोलचं प्रमाण ठरवतो. नव्या पाइपात सेन्सरची जागा चुकली, सांध्यातून हवा आत शिरली किंवा सेन्सरची वायर ताणली गेली तर त्याचं मोजमाप बिघडतं. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, ॲव्हरेज घटतं. मग मेकॅनिक एकेक पार्ट बदलत सुटतात आणि खरा दोष पाइपाच्या सांध्यात असतो.

कानांचा हिशोब

लांबच्या सफरीत सायलेन्सरचा आवाज सर्वांत जास्त कोण ऐकतो? गाडीवर बसलेला माणूस. आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि हे माप साध्या बेरजेचं नाही. १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. कामगारांच्या आरोग्यासाठी वापरली जाणारी एक मर्यादा अशी आहे: ८५ डेसिबल असेल तर आठ तास, ८८ असेल तर चार तास, ९१ असेल तर दोन तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ती १०० वर पोहोचते तेव्हा फक्त १५ मिनिटं उरतात.

महामार्गावर हेल्मेटमध्ये वाऱ्याचाच आवाज मोठा असतो. त्यात मोकळ्या पाइपाची घुमघुम मिसळली की संध्याकाळी कान बंद झाल्यासारखे वाटतात, डोकं जड होतं, झोप येते. थकलेला चालक हाच रस्त्यावरचा मोठा धोका आहे. एका सिलिंडरच्या गाडीत ३००० ते ४००० फेऱ्यांच्या पट्ट्यात ही घुमघुम जास्त जाणवते आणि नेमका तोच आपला महामार्गावरचा वेग असतो. दुकानासमोर उभ्या गाडीला दोनदा रेस दिली तर आवाज छान वाटेल. चार तास तोच ऐकायचा म्हटलं की जीव नकोसा होतो. मागे बसणाऱ्या बेगमचा किंवा अब्बांचा विचार तर कुणी करतच नाही.

“मोठा आवाज असला की लोक बाजूला होतात, अपघात टळतो” असंही मुलं सांगतात. पाइपाचं तोंड मागे असतं, आवाजाचा जोर मागे जातो. समोरून वळणारा ट्रक किंवा काचा बंद करून एसीत बसलेला कारवाला यांना तो उशिरा ऐकू येतो. त्यापेक्षा चांगला दिवा, उजळ रंगाचं जाकीट आणि योग्य वेळी हॉर्न जास्त उपयोगी पडतात.

कायदा काय म्हणतो

दुचाकीच्या आवाजाची मर्यादा ठरलेली आहे. १ एप्रिल २००५ पासून लागू असलेल्या मानकानुसार ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीपर्यंत ७७ डेसिबल आणि त्यावरच्या गाड्यांना ८० डेसिबल. ही मर्यादा गाडी तयार होताना, तिच्या मूळ सायलेन्सरसह, ठरलेल्या पद्धतीने मोजतात. पुण्यातली एआरएआय ही अशी चाचणी करणाऱ्या संस्थांपैकी एक. केंद्रीय मोटर वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२० नुसार प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असणं बंधनकारक आहे.

मोटर वाहन कायद्याच्या कलम १९० (२) मध्ये आवाज आणि हवा प्रदूषणाचे नियम मोडल्यास पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र ठरण्याची तरतूद आहे. सायलेन्सरला बगल देऊन धूर सोडणाऱ्या ‘कट-आउट’साठी कलम १९४ फ मध्ये पहिल्यांदा १,००० आणि पुढे २,००० रुपये दंड आहे. गाडीत परवानगीशिवाय बदल केल्यास कलम १८२ अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. पुणे, नागपूर अशा शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून रोड रोलरखाली चिरडल्याची छायाचित्रं तुम्ही वर्तमानपत्रांत पाहिली असतील. त्या प्रत्येक नळकांड्यामागे कुणाच्या तरी पगारातले काही हजार होते.

अम्मी-अब्बांनी एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवावी. मुलगा अठरा वर्षांखालचा असेल आणि गाडी चालवताना गुन्हा घडला तर कलम १९९ अ नुसार पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते.

युरोपातल्या पाइपांवर ‘ई’ अक्षराचा शिक्का असतो. दुकानदार तो दाखवून ‘सरकारमान्य आहे’ म्हणतात. तो शिक्का युरोपच्या बाजारासाठी, तोही ठरावीक मॉडेलपुरता असतो. आपल्याकडच्या पोलिसापुढे त्याने काम भागत नाही. पीयूसीचं प्रमाणपत्रही आवाजाबद्दल काही सांगत नाही. त्या तपासणीत पेट्रोल गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात.

मग बदलायचाच असेल तर?

माझा एक माजी विद्यार्थी दीपनगरात कंत्राटदाराकडे फिटर आहे. मागच्या हिवाळ्यात मित्रांबरोबर बुऱ्हाणपूर, असीरगड आणि पुढे मांडूला जायचं ठरलं होतं. घरी येऊन म्हणाला, “सर, पाइप कौनसा डालूँ? दुकानवाला बोलता बीस परसेंट पॉवर बढ़ेगा.” मी त्याला विचारलं, “आत्ताचा का काढायचा आहे?” थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “सबने बदला है.” त्याच्या अब्बांना वर्षभरापूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. पहाटे पाचला तो ड्युटीला निघतो तेव्हा त्यांना नुकती झोप लागलेली असते. हे त्यानेच मला सांगितलं आणि सांगता सांगताच त्याचा निर्णय झाला. त्याच पैशात त्याने मागचा टायर, चेन-स्प्रॉकेट आणि चांगले हातमोजे घेतले. मांडूहून आल्यावर पाइपाचा विषय त्याने काढला नाही.

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा: का बदलायचा? डबा गंजून फुटला असेल, पडल्यामुळे चेपला असेल, आतले पडदे सुटून खडखडत असतील तर बदलणं रास्त आहे. अशा वेळी कंपनीचाच डबा मागवावा. महाग वाटतो, पण कन्व्हर्टर, सेन्सर, वॉरंटी, विमा आणि पोलीस असे पाच प्रश्न त्यात एकदम सुटतात. बाहेरचा डबा बसवल्यास वॉरंटी नाकारली जाऊ शकते आणि न कळवलेल्या बदलावरून विम्याच्या दाव्यात वाद उभा राहू शकतो.

दुसरा पर्याय कंपनीच्या अधिकृत ॲक्सेसरीच्या यादीतला. शोरूममध्ये बिलावर मॉडेल क्रमांकासह लिहून घ्यावं आणि आवाज-धुराच्या मर्यादेत बसतो का, हे लेखी मागावं.

तिसरा, बाहेरच्या बाजाराचा. इकडे वळण्याआधी हे तपासा:

१. गाडीतला कन्व्हर्टर कुठे आहे? तो काढावा लागत असेल तर विषय तिथेच संपवा.

२. पाइप तुमच्याच मॉडेलसाठी, तुमच्याच वर्षाच्या गाडीसाठी बनवलेला आहे का? सेन्सरची चूडी योग्य जागी आहे का? ‘सब गाडी में बैठता है’ म्हणणारा पाइप कुठेच नीट बसत नाही.

३. तोंडाशी आवाज कमी करणारी आतली नळी आहे का? ती एका स्क्रूवर निघणारी असेल तर पोरं ती काढतातच. पक्की वेल्ड केलेली असावी.

४. आवाज किती डेसिबल, कुठल्या पद्धतीने मोजला, याचा कागद आहे का? कागद नसेल तर दुकानदाराच्या तोंडी आकड्याला किंमत नाही. मूळ सायलेन्सरपेक्षा आवाज मोठा असेल तर तो घेऊच नका.

५. धातू कोणता? साधं लोखंड क्रोम करून विकतात, आपल्या उन्हात आणि पहिल्याच पावसात ते फुगतं. स्टेनलेस स्टीलमध्ये ३०४ चांगलं टिकतं. टायटॅनियम हलकं असतं, पण त्याची किंमत सफरीच्या गाडीला परवडण्यासारखी नाही आणि खेड्यात ते वेल्ड करणारा मिळत नाही.

६. पेटी, पाय आणि बुरखा यांचं काय? डब्यापासून कापडी पेटीपर्यंत पुरेसं अंतर आणि वर उष्णतेचं कवच हवं. मागे बसणाऱ्या बाईची ओढणी किंवा बुरख्याची कड तापलेल्या डब्याला लागून जळते, हे नेहमीचं आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा उष्णता थोडीही वाढलेली चालत नाही.

७. पोटाखालची उंची कमी होते का? मधला स्टँड, ऑइलची नळी आणि मागचं चाक काढण्याची जागा मोकळी राहते का? रस्त्यात पंक्चर झालं की याची आठवण होते.

पैसे देण्याआधी ओळखीच्या कुणाच्या तरी तशाच गाडीवर अर्धा तास बसून बघा. महामार्गावर, नेहमीच्या वेगात, मागे माणूस बसवून. भुसावळहून मुक्ताईनगरपर्यंत गेलात तरी खरं काय ते कळेल.

बसवणं आणि सांभाळणं

काम थंड इंजिनावर करावं. सिलिंडरच्या तोंडाशी असलेली गॅस्केट प्रत्येक वेळी नवी घालावी, जुनी पुन्हा दाबून बसवू नये. सगळे बोल्ट आधी हलके लावून पाइप सरळ आहे का बघावं, मग इंजिनाकडून मागच्या बाजूला कसत यावं. स्टीलवरचे तेलकट बोटांचे ठसे पुसूनच गाडी सुरू करावी, नाहीतर ते डाग भाजून कायमचे राहतात. थ्रॉटल सोडताना फट्फट् फुटल्यासारखा आवाज येत असेल तर सांध्यातून हवा शिरते आहे असं समजावं. काढलेला मूळ सायलेन्सर भंगारात विकू नये. तेल लावून, कापडात गुंडाळून घरात ठेवावा.

मूळ सायलेन्सर टिकवायचा असेल तर एक साधी गोष्ट. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. गाडी रोज दोनच किलोमीटर चालवली तर डबा पुरता तापत नाही, ती वाफ आतच थंड होते आणि लोखंड आतून गंजतं. आठवड्यातून एकदा तरी गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवावी. डब्याखालचं बारीक छिद्र चिखलाने बुजलं नाही ना, ते बघावं. आणि बंद खोलीत किंवा बोळात गाडी कधीही तापवत ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

शेजारी, शाळा आणि मोहल्ला

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दवाखाना, शाळा आणि न्यायालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. मी वर्गात शुद्धलेखन सांगत असतो आणि बाहेरून एखादी गाडी फटाके फोडत जाते. पूर्ण वर्गाचं वाक्य तुटतं. मागच्या बाकावरचा, आधीच कसाबसा लिहिणारा मुलगा त्या वाक्यानंतर लिहायचं सोडून देतो.

शब-ए-बारात, चाँदरात आणि ईदच्या रात्री काही तरुण मोकळ्या पाइपाच्या गाड्या घेऊन गल्ल्यांतून फिरतात. दुसऱ्या दिवशी नाव त्या चार मुलांचं येत नाही, पूर्ण मोहल्ल्याचं येतं. आजारी म्हातारी, नुकतं झोपलेलं बाळ, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी हे सगळे शेजारी आपलेच असतात, मग ते कुठल्याही धर्माचे असोत. रागावून हे मुलांना पटत नाही. त्यांच्याबरोबर बसून वरचा हिशोब मांडला तर पटतं, कारण मुलांना गाडीची खरी माहिती हवी असते. ती घरात मिळाली नाही तर दुकानदार देतो.

सफरीवर जरूर जा. बुऱ्हाणपूरचा शाही किल्ला बघा, तिथल्या जामा मशिदीच्या कमानी बघा. १६३१ मध्ये मुमताज महल त्याच शहरात वारली. असीरगडाच्या वर पोहोचलात की गाडी बंद करून दहा मिनिटं उभे राहा. वाऱ्याचा आवाज ऐकू येईल एवढे कान शाबूत ठेवूनच तिथपर्यंत जा.